अपुरेपणाचे स्वप्न : आरंभीचे संगणकीय अ‍ॅनिमेशन आणि गतकातरतेची नीती

१

‘नॉस्टॅल्जिया’ या संज्ञेसाठी मराठीत दोन प्रतिशब्द वापरले जातात : ‘स्मरणरंजन’ आणि ‘गतकातरता’. हे दोन्ही शब्द बहुधा एकमेकांचे पर्याय मानले जात असले, तरी त्यांच्यातील अंतर लक्षणीय आहे. स्मरणरंजनात गतकाळ हा रंजनाचा विषय असतो आणि स्मरण करणारा त्याचा भोक्ता. गतकातरतेत मात्र स्मरण करणाराच व्याकूळ असतो; गतकाळ त्याच्या हाती लागत नाही, उलट तोच गतकाळाच्या हाती सापडलेला असतो. योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझल येथील वैद्यकीय प्रबंधात मूळ संज्ञा घडविली, ती मायभूमीपासून दूर असलेल्यांना जडणाऱ्या एका व्याधीचे नाव म्हणून. अर्थात जन्मतः ती कातरतेच्या बाजूची होती. रंजनाचा अर्थ तिला मागाहून चिकटला.

हे अंतर ध्यानात घेण्याचे कारण असे की, गेल्या काही वर्षांत एका अनपेक्षित विषयाभोवती ही वृत्ती एकवटताना दिसते. तो विषय म्हणजे संगणकाने निर्मिलेले आरंभीचे अ‍ॅनिमेशन : साधारणतः १९६० ते १९९५ या कालखंडातील, काळ्या पोकळीत फिरणारे चकचकीत गोल, क्षितिजापर्यंत पसरलेल्या चौकटीच्या फरश्या, माणसांवाचून उभी असलेली शहरे आणि वजन नसल्यासारख्या सरकणाऱ्या आकृती. ही चित्रे ‘स्वप्नवत’ होती आणि पुढील परिपूर्ण तंत्राने ते स्वप्न हिरावून घेतले, असे आज म्हटले जाते. या विधानात एक सौंदर्यशास्त्रीय दावा आहे आणि त्याच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्याला निर्मात्यांनी दोष मानले आणि जो दूर करण्यासाठी आयुष्ये वेचली, तोच गुण ठरवून त्याचा आस्वाद घेणे न्याय्य आहे काय?

२

प्रथम हे स्वप्नवतपण कशातून निर्माण झाले ते पाहिले पाहिजे. १९७२ मध्ये युटा विद्यापीठात एड कॅटमल आणि फ्रेड पार्क यांनी मानवी हाताचे एक छोटे चलच्चित्र तयार केले. कॅटमलने स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन त्याच्या प्रतिकृतीवर बहुभुजांचे जाळे आखले, त्यांचे कोपरे मोजून संगणकाला पुरविले आणि मग पडद्यावर एक हात उघडू-मिटू लागला. त्या हातामागे मनगट नाही, मनगटामागे देह नाही, देहाभोवती खोली नाही. पाहणाऱ्याला ही पोकळी गूढ वाटते. परंतु तिचे कारण गूढ नाही. संगणकीय चित्रात जे मुद्दाम घडविले नाही ते अस्तित्वातच नसते आणि घडविलेल्या प्रत्येक पृष्ठभागाचे मोल गणनेच्या वेळात मोजावे लागते.

कॅमेऱ्याची गोष्ट नेमकी उलट आहे. कॅमेऱ्यासमोर जे असेल ते चित्रात येते; धूळ, भिंतीवरचा डाग, रस्त्याने जाणारा अनोळखी मनुष्य यांना छायाचित्रकाराच्या हेतूची वाट पाहावी लागत नाही. आरंभीच्या संगणकीय चित्रातून हे आगंतुक जग हद्दपार झाले होते. स्वप्नातही काहीच आगंतुक नसते. तेथील प्रत्येक वस्तू काही सांगण्यासाठीच आल्यासारखी भासते. या साम्यामुळे दारिद्र्यातून आलेली ती रिकामी जागा अर्थगर्भ वाटू लागली.

दुसरे कारण रूपांतराचे. पीटर फोल्डेस याच्या ‘हंगर’ (१९७४) या कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाच्या लघुपटासाठी नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी विकसित केलेली पद्धती वापरण्यात आली. कलावंताने मुख्य चौकटी रेखाटायच्या आणि मधल्या चौकटी संगणकाने भरायच्या, असे तिचे स्वरूप. पहिल्या आकृतीतील रेषा दुसऱ्या आकृतीतील रेषांकडे टप्प्याटप्प्याने नेणे एवढेच यंत्राला ठाऊक असते. ही रेषा ओठाची आणि ती चमच्याची, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे वाटेत असे आकार उद्भवतात की जे ना ओठ असतात ना चमचा. फ्रॉइडने स्वप्नकार्यात ज्याला संक्षेपण म्हटले, त्याची आठवण यावी असेच हे आहे.

तथापि येथे सावध राहिले पाहिजे. स्वप्नातील संक्षेपणामागे इच्छा असते, भय असते, दडपलेले काही असते. यंत्राच्या मधल्या चौकटीमागे केवळ अंकगणित आहे. हे स्वप्न पाहणारा कोणी नसलेले स्वप्न आहे. फोल्डेसच्या लघुपटात ते अर्थपूर्ण होते, कारण हावरटपणे खात सुटलेला मनुष्य आणि त्याने गिळलेल्या वस्तू यांच्यातील सीमा पुसली जाणे हाच तेथे आशय आहे. शेवटी भुकेले लोक त्यालाच खाऊन टाकतात. यंत्राच्या अज्ञानाला कलावंताने तेथे आशयाचे काम दिले. प्रत्येक ठिकाणी असे झाले नाही.

३

यावरून ‘आरंभीचे संगणकीय अ‍ॅनिमेशन स्वप्नवत होते’ हे सरसकट विधान टिकत नाही. त्यात किमान तीन भिन्न वृत्ती एकत्र कोंबल्या जातात.

पहिली वृत्ती स्वप्नच ज्यांचे ध्येय होते त्यांची. बेल प्रयोगशाळेत केन नोल्टन यांच्या साहाय्याने ‘पिक्सिलेशन’ (१९७०) करणाऱ्या लिलियन श्वार्त्झ, आकृतींची संगीतासारखी रचना शोधणारे जॉन व्हिटनी, शिंपले आणि वनस्पती यांच्या वाढीचे नियम चित्रात उतरविणारे योइचिरो कावागुची, किंवा ‘पॅनस्पर्मिया’ (१९९०) करणारे कार्ल सिम्स यांना वास्तवाचा आभास निर्माण करायचा नव्हताच. मर्ढेकरांनी सौंदर्याची उपपत्ती संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर उभारली. त्या उपपत्तीला जॉन व्हिटनी यांच्या ‘अरेबेस्क’पेक्षा (१९७५) अनुकूल उदाहरण क्वचितच सापडेल, कारण तेथे लयीखेरीज दुसरा आशय जवळजवळ नाहीच.

दुसरी वृत्ती, ज्यांच्या बाबतीत स्वप्न हा अपघात होता त्यांची. त्यांना खरे केस, खरी त्वचा, खरे पाणी हवे होते. ‘टिन टॉय’ला (१९८८) ऑस्कर पारितोषिक मिळाले, पण त्यातील बालक आजही प्रेक्षकाला अस्वस्थ करते. त्याच्या कातडीत जीव नाही, आणि तो आहे असा मात्र दावा आहे. मानवी रूपाच्या निकट येऊनही थोड्या अंतरावर राहिलेल्या आकृतीविषयी वाटणारी ही शिसारी मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्येच वर्णिली होती. येथे अपुरेपणाला स्वप्न म्हणणे म्हणजे निर्मात्याच्या अपयशाची, त्याला न विचारता, केलेली अलंकारिक पुनर्मांडणी होय.

तिसरी वृत्ती या दोहोंहून वेगळी आणि नैतिक दृष्ट्या अधिक विचारणीय आहे. ती मर्यादा ओळखून तिच्या मापाचा विषय निवडणाऱ्यांची. ‘लक्सो ज्युनिअर’मध्ये (१९८६) टेबलावरचे दोन दिवे आहेत. धातूचा कडक, चकाकणारा पृष्ठभाग तत्कालीन यंत्राला जमत होता, म्हणून धातूच्याच वस्तूला चैतन्य देण्यात आले. ‘टॉय स्टोरी’ (१९९५) हा संपूर्णपणे संगणकावर घडलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट खेळण्यांविषयी असावा, हा योगायोग नव्हे. प्लॅस्टिकसारखे दिसणे हा खेळण्याच्या बाबतीत दोष राहत नाही. छंदाच्या बंधनातून कवितेला जसे काही गवसते, तसे येथे घडले, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु छंद कवीने पत्करलेला असतो. हे बंधन लादलेले होते. लादलेले बंधन पत्करलेल्यासारखे वागविणे, यात या कृतींचे शील आहे.

म्हणूनच आज कोनाकोनांच्या आकृती आणि ओबडधोबड छटा हेतुपुरस्सर वापरून जे अनुकरण केले जाते, त्याने ते शील परत येत नाही. अनुकरण केलेली उणीव ही उणीव नसते. तो अलंकार असतो. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मध्ये गतकातरतेचे दोन प्रकार कल्पिले : हरवलेले जसेच्या तसे पुन्हा उभारू पाहणारा आणि हरवण्याविषयीच चिंतन करणारा. अनुकरणाची ही प्रवृत्ती पहिल्या प्रकाराचे सौम्य रूप आहे.

४

परंतु प्रेक्षकाच्या अंगाने पाहिले असता या हुरहुरीत काही तथ्य आढळते. रससूत्राच्या विवेचनात श्रीशंकुकाने चित्रतुरगन्याय मांडला. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती ही सत्य, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या ज्ञानांहून निराळी असते. प्रेक्षक फसत नाही आणि तरीही ‘हा घोडा’ असेच म्हणतो. कलेच्या प्रतीतीला आवश्यक असलेली ही मोकळी जागा आरंभीच्या संगणकीय चित्राने, निर्मात्याची इच्छा असो वा नसो, राखून ठेवली होती. ते चित्र स्वतःचे चित्रपण लपवू शकत नव्हते. १९८५ मध्ये केन पर्लिन यांनी नियंत्रित अनियमिततेची रीत प्रसिद्ध केली आणि संगमरवर, ढग, ज्वाला यांना निसर्गाचा खडबडीतपणा देता येऊ लागला. तेथपासून कॅमेऱ्याचे ते आगंतुक जगसुद्धा गणिताने घडविणे शक्य झाले. आज संगणकनिर्मित प्रतिमा चित्रातील घोडा राहिलेली नाही. ती अनेकदा घोडाच असल्याचा दावा करते आणि प्रेक्षकावर संशयाचे ओझे टाकते. शंकुकाने ज्या संशयज्ञानापासून कलाप्रतीती वेगळी काढली, नेमके तेच ज्ञान आता प्रतिमेपुढील पहिली प्रतिक्रिया होऊन बसले आहे. जुन्या चित्रांविषयीची ओढ ही पुष्कळ अंशी या गमावलेल्या विश्वासाची ओढ आहे.

मात्र ते चित्र प्रामाणिक होते म्हणून त्याचा काळ निष्पाप होता, असे अनुमान काढता येणार नाही. जॉन व्हिटनी यांचे यंत्र दुसऱ्या महायुद्धातील विमानविरोधी तोफांच्या नेम-नियंत्रकाच्या सुट्या भागांतून साकारले होते. युटातील संशोधनाला अमेरिकी संरक्षण खात्याच्या संस्थेचा पैसा होता. ‘द माइंड्स आय’ (१९९०) ही ध्वनिचित्रफीत आज स्वप्नवततेचा नमुना मानली जाते. ती प्रत्यक्षात जाहिराती आणि प्रात्यक्षिके यांसाठी वेगवेगळ्या संस्थांनी केलेले तुकडे जोडून, त्यांवर जेम्स रेनल्ड्स यांचे संगीत चढवून सिद्ध झाली. तुकड्यांमधील संबंध अगोदर नव्हता. तो संगीताने सुचविला आणि प्रेक्षकाने पुरविला. स्वप्न पाहणारा कोण, या मघाच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते : प्रेक्षक. आणि स्वप्न पाहणारा ज्या सामग्रीतून स्वप्न रचतो, तिची उत्पत्ती तो सहसा विसरतो.

५

शेवटचा प्रश्न स्मृतीच्या मालकीचा आहे. ही चित्रे नवी असताना ज्यांचा जन्मही झाला नव्हता, अशा पिढीतही ही हुरहूर आढळते. न अनुभवलेल्याची आठवण ही विसंगती वाटेल. परंतु भारतीय साहित्यविचाराला ती अपरिचित नाही. ‘शाकुंतला’च्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गीत ऐकून दुष्यंत उत्कंठित होतो. कोणाचाही विरह नसताना असे का व्हावे, हे त्याला उमगत नाही आणि तो त्याचा संबंध जन्मांतरीच्या स्नेहाशी जोडतो. अभिनवगुप्तानेही हा प्रसंग स्मृतीच्या विवेचनात विचारात घेतला आहे. मात्र आस्वादाच्या चर्चेत एक गोष्ट नजरेआड होण्याचा संभव असतो. दुष्यंताचे स्पष्टीकरण चुकीचे आहे. ती हुरहूर मागल्या जन्माची नाही. शापामुळे तो याच जन्मातील एका व्यक्तीला विसरला आहे, आणि काही वेळातच ती व्यक्ती त्याच्या दरबारात येऊन उभी राहणार आहे. तो तिला ओळखणार नाही.

गतकातरतेची नीती या प्रसंगात सामावलेली आहे. हुरहूर खोटी नसते. तिचे स्पष्टीकरण खोटे असू शकते. ती गोड मानून तिचा उपभोग घेतला की स्मरणरंजन उरते. ‘कोणाचा विसर पडला आहे?’ असे तिला विचारले की ती कर्तव्याची खूण होते. या विषयापुरते उत्तर अवघड नाही. विसर पडला आहे तो श्वार्त्झ यांच्यासारख्या कलावंतांचा, ज्यांच्या प्रयोगांचा उल्लेख तंत्राच्या प्रगतीच्या इतिहासात एका ओळीत आटोपला जातो; एकेका चौकटीमागे खर्ची पडलेल्या श्रमाचा; आणि ज्या यंत्रांवर या कृती घडल्या ती यंत्रे मोडीत निघाल्यामुळे केवळ फिल्म आणि फितींच्या प्रतींवर तग धरून असलेल्या कृतींचा. त्यांचे जतन, त्यांची वर्णनात्मक सूची, त्यांचे कृतिनिष्ठ विश्लेषण ही हुरहुरीची खरी परतफेड होय.

हे अधिकच निकडीचे ठरते, कारण चक्र वेगाने फिरत आहे. २०१५ मध्ये ‘डीपड्रीम’ या प्रणालीने ढगांत आणि डोंगरांत कुत्र्यांचे डोळे उगवून दाखविले. त्यानंतरच्या दशकात मजकुरावरून हवी ती प्रतिमा देणारी यंत्रे सर्वत्र पसरली, आणि त्या आरंभीच्या वितळत्या, विरूप प्रतिमांविषयीही आता हळहळ व्यक्त होऊ लागली आहे. यावरून एवढे स्पष्ट होते की, ओढ एखाद्या विशिष्ट तंत्राची नाही. यंत्राला अजून सारे जमत नाही आणि म्हणून माणसाला काही करण्यास वाव आहे, त्या अवस्थेची ती आहे. ती अवस्था परत आणता येत नाही. परंतु तिच्यात ज्यांनी काम केले त्यांना ओळखता येते. दुष्यंताला ते दरबारात साधले नाही. हुरहूर लागूनही साधले नाही, ही त्याची शोकांतिका. संस्कृत नाटकाने त्याला अंगठी परत मिळवून दिली. समीक्षेला ती अंगठी स्वतःच शोधावी लागते.