वर्तुळातून कापलेली पट्टी

मझौलीच्या भोवतालचं शिवार नेहमीच्या फ्रेममध्ये मावत नाही. जबलपूरहून पाटण-सिहोऱ्याच्या अंगाला गेलं की हवेली पट्टा लागतो. शेताला चारी बाजूंनी बांध घालून पावसाळाभर पाणी अडवायचं, पाऊस सरला की ते सोडून द्यायचं आणि त्याच ओलाव्यावर गहू-हरभरा पेरायचा, ही इथली जुनी रीत. शेतं भरलेली असतात तेव्हा बांधामागे बांध आणि मधे पाणी असं सगळं आडवंच आडवं दिसतं. वरच्या आभाळाला त्या चित्रात फारसं काम नसतं, पायाजवळच्या चिखलाला तर नसतंच. ३६ बाय २४ मिमीच्या फ्रेममधला वरखालचा बराच भाग इथे फुकट जातो.

अशा ठिकाणी एक्सपॅनची आठवण होते. हॅसलब्लाडच्या नावाने १९९८ मध्ये आलेला हा कॅमेरा बांधला फुजीने, जपानमध्ये तो फुजी टीएक्स-१ म्हणून विकला गेला. फिल्म साधी पस्तीस मिमीची, पण फ्रेम २४ बाय ६५ मिमी. छत्तीसच्या रोलमध्ये अशा एकवीस फ्रेम बसतात. २००३ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि २००६ मध्ये कारभार आटोपला. त्याच्यासाठी बनलेल्या लेन्स तीनच: ३०, ४५ आणि ९० मिमी. पंचेचाळीसची लेन्स आडवा सुमारे ७२ अंशांचा पट्टा घेते, नव्वदची सुमारे ४०. दोन्हींच्या मधे काहीच नाही, नव्वदच्या पुढेही काही नाही. तीसची तर आज सेकंडहॅण्ड बाजारात हात भाजेल अशा भावाने जाते. मग कपाटातल्या जुन्या लेन्सकडे नजर वळते आणि प्रश्न पडतो, यातली एखादी याला बसेल का?

बसवायचं म्हटलं तर काहीही बसतं. लेथवर पितळेचं नाहीतर अॅल्युमिनियमचं कडं कातलं की झालं. १९०४ पासून गन कॅरेज फॅक्टरी असलेल्या जबलपुरात चांगल्या टर्नरची वाण नसावी. आणि आपल्याकडे ही खटपट नवीही नाही. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून अख्खा सिनेमाचा कॅमेराच घरी बनवला होता, त्यावर १९२० चा 'सैरंध्री' निघाला. तेव्हा कड्याचं सोडा. लेन्स फिल्मवर नेमकं काय टाकते, ते आधी पाहायला हवं.

लेन्स चौकट टाकत नाही, वर्तुळ टाकते. त्या वर्तुळातून किती आणि कोणत्या आकाराचा तुकडा घ्यायचा हे कॅमेरा ठरवतो. गोल पोळीच्या मधोमध सुरीने लांबट पट्टी कापावी तसं हे आहे. पट्टीची चारही टोकं पोळीतच राहायची तर पोळीचा व्यास पट्टीच्या कर्णाएवढा तरी हवा. ३६ बाय २४ च्या फ्रेमचा कर्ण ४३.३ मिमी. नेहमीच्या पस्तीस मिमी कॅमेऱ्याच्या लेन्स तेवढंच वर्तुळ डोळ्यांपुढे ठेवून बनतात. २४ बाय ६५ चा कर्ण येतो ६९.३ मिमी. म्हणजे निकॉनची उत्तम पन्नासची लेन्स लावली तरी दोन्ही टोकांना काळोख. लेन्स वाईट नाही, तिची पोळीच लहान आहे.

इथे पुष्कळांना शिफ्ट लेन्सची युक्ती सुचते. निकॉनची ३५ मिमीची पीसी-निक्कोर ११ मिमी बाजूला सरकते, म्हणजे तिचं वर्तुळ मोठं असणारच. हिशोब करून पाहू. दोन्हीकडे अकरा-अकरा सरकूनही कोपरे उजळ राहायचे तर तिला ५८ बाय २४ चा आयत झाकावा लागतो. त्याचा कर्ण ६२.८. आपल्याला हवेत ६९.३. टोकांशी तीन-साडेतीन मिमी कमी पडतात. काळे कोपरे चालणाऱ्यांनी खुशाल लावावी, मला चालत नाहीत.

आता मीडियम फॉरमॅटकडे वळू. ६ बाय ४.५ म्हणतात त्या कॅमेऱ्यांची खरी फ्रेम ५६ बाय ४१.५ मिमी असते. कर्ण काढला तर ६९.७. एक्सपॅनची लांबट पट्टी आणि ममिया ६४५ ची ठेंगणी चौकट जवळजवळ एकाच वर्तुळातून कापलेल्या आहेत! दिसायला एकमेकींच्या नात्यातल्याही वाटत नाहीत, पण लेन्सच्या लेखी दोघी सारख्याच. ममियाच्या ३५, ५५, ८० किंवा १५० मिमीच्या लेन्सला या पट्टीचं ओझं वाटायचं कारण नाही. पंचावन्नची इथे सुमारे ६१ अंश घेते, दीडशेची साडेचोवीसच्या आसपास. हवेलीचे बांध एकावर एक रचल्यासारखे दाखवायचे तर ती दीडशेचीच हवी.

वर्तुळ जमलं, तरी ते नेमकं फिल्मवरच स्पष्ट उमटायला हवं. प्रत्येक पद्धतीच्या कॅमेऱ्यात माउंटपासून फिल्मपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. एक्सपॅनचं सुमारे ३४.३ मिमी, निकॉनच्या एसएलआरचं ४६.५, ममिया ६४५ चं ६३.३, लायका एमचं २७.८. लेन्सचं अंतर कॅमेऱ्यापेक्षा जास्त असेल तर फरक कड्याच्या जाडीने भरून निघतो. ममियासाठी साधारण २९ मिमीचं कडं लागतं. पण अंतर कमी असेल तर उपाय नाही, कारण लेन्स कॅमेऱ्याच्या पोटात ढकलता येत नाही. म्हणजे स्वभावाने सगळ्यांत जवळची, तीही रेंजफाइंडरवाली, लायकाची लेन्स इथे बाद. तिची पन्नासची बळेच लावली तरी साडेसहा मिमी लांब राहील आणि अर्ध्या मीटरपलीकडचं काहीच स्पष्ट येणार नाही. आणि धिप्पाड ममिया आरामात बसते.

कडं किती अचूक हवं? समजा ते फक्त ०.१ मिमी जाड झालं. ऐंशीची लेन्स इन्फिनिटीवर ठेवली तर खरा फोकस पडेल सुमारे ६४ मीटरवर. हीच चूक पस्तीसच्या लेन्सखाली आली तर तो बारा मीटरवरच अडेल, दूरचा बांध कायमचा धूसर. वाइड लेन्स म्हणजे फोकसची चिंता नाही असं आपण सर्रास म्हणतो. कड्याच्या बाबतीत नेमकं उलटं आहे. म्हणून शहाणे कारागीर कडं केसभर पातळच ठेवतात. त्याने लेन्स इन्फिनिटीच्या थोडी पुढे जाते, पण तिथून मागे तरी येता येतं.

एका गोष्टीत मात्र परकी लेन्स उजवी ठरू शकते, आणि ती मला या सगळ्या खटाटोपातली खरी कमाई वाटते. एक्सपॅनच्या पोटात आरसा नाही, त्यामुळे त्याची स्वतःची वाइड लेन्स फिल्मच्या अगदी जवळ बसते. टोकांवर प्रकाश तिरपा पडतो आणि तिथे चित्र काळवंडतं. साध्या भूमितीने पाहिलं तर पंचेचाळीसच्या लेन्सला कोपऱ्यांत सव्वा स्टॉपहून थोडं अधिक नुकसान. म्हणून तर तीसच्या लेन्सबरोबर मधोमध गडद असलेला सेंटर फिल्टर दिला जायचा. ममियात आरसा आहे. तो हलायला जागा हवी म्हणून तिच्या वाइड लेन्स मागे सरकून काम करण्याच्या बेताने आखलेल्या असतात आणि टोकांकडे जाणारा प्रकाश त्यामानाने सरळ पडतो. आरशाची अडचण इथे आयती सोय होऊन येते.

आता गमावलेलं सांगतो. रेंजफाइंडर म्हणजे लेन्स फिरते तशी व्ह्यूफाइंडरमधली दुहेरी प्रतिमा सरकते आणि दोन्ही जुळल्या की फोकस लागतो. ही साखळी कॅमेऱ्याच्या स्वतःच्या लेन्सशीच जोडलेली आहे. ममिया लावली की साखळी तुटते. व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं लख्ख दिसतं, पण लेन्स काय पाहते आहे ते तिथून कळत नाही, ५५ ची चौकटही दिसत नाही. अंतर डोळ्यांनी जोखायचं, लेन्सवरच्या आकड्यांवर लावायचं, ॲपर्चर हाताने बंद करायचं. ज्या लेन्सला ॲपर्चरची रिंगच नाही ती घेऊच नये. मोजमाप लेन्समधून आलेल्या प्रकाशाचंच होत असल्याने एक्सपोजरची मात्र फार काळजी नाही.

शिवारात हे सगळं सोसतं. पंचावन्नची लेन्स ११ वर बंद करून फोकस नऊ मीटरच्या जरा पुढे लावला की साडेचार-पाच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं मुठीत. मझौलीच्या विष्णू-वराह मंदिरात हे चालणार नाही. कलचुरी काळातला तो चार पायांवर उभा वराह, त्याच्या अंगभर कोरलेल्या देवतांच्या ओळी आणि गाभाऱ्याचा अपुरा उजेड. ऐंशीची लेन्स २.८ वर उघडून दीड मीटरवरून टिपायला गेलात तर फोकसची खोली जेमतेम सहा सेंटिमीटर. अंतराच्या अंदाजात वीतभर चूक सहज होते आणि मग वराहाचा दातही नाही, पायही नाही. तिथे कॅमेऱ्याची स्वतःची पंचेचाळीसच लावावी, दोन प्रतिमा जुळवाव्यात आणि मुकाट्याने बटण दाबावं.

माझं मत विचाराल तर तीन मूळ लेन्सपैकी पंचेचाळीसची ठेवा, तीसच्या मागे लागू नका, आणि ममियाची ५५ किंवा १५० यांतली एकच आधी घ्या. कडं हाती आलं की पहिला रोल दूरच्या विजेच्या खांबांवर घराच्या गच्चीतून संपवा, धुऊन आणा, निगेटिव्ह भिंगाखाली पाहा आणि मगच मझौलीची वाट धरा.