‘माझे’ म्हणण्याचा अधिकार

‘हे मी केले, म्हणून हे माझे,’ असे आपण फार सहजपणे म्हणतो. या वाक्यात दोन निरनिराळी विधाने आहेत आणि पहिल्यावरून दुसरे कोणत्या न्यायाने निघते, हा प्रश्न आपल्याला सहसा पडत नाही. कुंभार मडके घडवितो. माती नदीकाठची, चाक वडिलांचे, आकार हजारो वर्षे चालत आलेला. तरी मडके कुंभाराचे, याविषयी कोणी शंका घेत नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने सतराव्या शतकाच्या अखेरीस या समजुतीला युक्तिवादाचे रूप दिले. माणसाचा देह त्याचा, म्हणून त्याचे श्रमही त्याचे. आणि निसर्गातील ज्या वस्तूत त्याने आपले श्रम मिसळले, ती वस्तूही त्याची. युक्तिवाद सुटसुटीत आहे, आणि नांगरलेल्या शेतापुरता तो पटतोही. परंतु जी वस्तू आधीच दुसऱ्या कोणी घडविलेली आहे, तिच्यात आपले श्रम मिसळले तर ती कोणाची? हा प्रश्न मला एका काहीशा विचित्र उदाहरणावर तपासून पाहावयाचा आहे. ते उदाहरण म्हणजे घरच्या घरी बांधलेली, रस्ता सोडून वाळवंटातून शर्यतीत पळवावयाची मोटार.

अशा मोटारींचे माहेरघर म्हणजे अमेरिकेतील कॅलिफोर्नियाचा दक्षिण भाग आणि त्याच्या खाली मेक्सिकोत पसरलेले बाहा कॅलिफोर्निया हे लांबलचक द्वीपकल्प. तेथे १९६७ सालापासून खडक, वाळू आणि निवडुंग यांच्यामधून शर्यती होत आल्या आहेत. अमाप पैसा ओतून बांधलेली राक्षसी यंत्रे त्यांत उतरतात. पण त्यांच्याच मागोमाग घराच्या शेडमध्ये सुट्टीच्या दिवशी आणि रात्री जागून बांधलेल्या गाड्याही धावतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचे मूळ एकच, जुनी फोक्सवॅगन बीटल. तिची निवड भावनेपोटी झालेली नाही. इंजिन मागे असल्यामुळे ज्या चाकांना ते फिरविते त्यांच्यावरच वजन पडते, आणि वाळूत चाके धरून राहतात. इंजिन हवेने थंड होते. म्हणजे दगड लागून पाण्याची टाकी फुटण्याचे भयच नाही. वरचे शरीर बोल्ट काढले की तळापासून उचलून बाजूला ठेवता येते.

मग काम सुरू होते. पुढचेमागचे पत्रे कापावयाचे, गाडी जमिनीपासून उचलून घ्यावयाची, टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगच्या ऐवजी पीळ घेऊन भार सोसणाऱ्या पोलादी दांड्या, नव्याने बसवावयाच्या, शॉक ॲब्सॉर्बर बदलावयाचे, मोठी चाके घालावयाची. अखेरीस, गाडी उलटली तर माणूस जगावा म्हणून, आत पोलादी नळ्यांचा एक पिंजरा उभारावयाचा. महिनेच्या महिने जातात. बोटांच्या पेरांत काळे तेल कायमचे मुरते, ग्राइंडरच्या आवाजाने शेजारी वैतागतात, आणि एके दिवशी तो माणूस गाडीभोवती एक फेरी मारून म्हणतो, ‘ही माझी गाडी.’

लॉकच्या हिशेबाने त्याचा दावा बिनतोड वाटेल. परंतु त्या गाडीचा तळ उलटून पाहिला तर काय दिसते? बीटलचा आराखडा फर्डिनांड पोर्शे याच्या देखरेखीखाली हिटलरच्या राजवटीत तयार झाला. चेकोस्लोव्हाकियातील टाट्रा कंपनीचे म्हणणे असे की त्यातील महत्त्वाच्या कल्पना आमच्या. तिने दावा लावला, युद्धाने तो बुडविला, आणि पुढे अनेक वर्षांनी फोक्सवॅगनने पैसे देऊन प्रकरण मिटविले. ही गाडी मिळावी म्हणून दर आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे पुस्तकात चिकटविणारे ३,३६,००० जर्मन लोक होते. त्यांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही. युद्धकाळात त्या कारखान्यात सुमारे २०,००० माणसे सक्तीने राबविली गेली. श्रम मिसळल्याने वस्तू आपली होत असेल तर या माणसांचा दावा कोठे नोंदवावयाचा? शेडमधल्या माणसाला ही गाडी भंगारवाल्याकडून पावतीसह मिळाली आहे, हे खरे. पण पावतीने किंमत चुकती होते; इतिहास चुकता होत नाही.

या कथेचा दुसरा अध्याय ब्रूस मायर्स या माणसाचा. हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर फायबरग्लासच्या नावा बांधणारा. १९६४ साली त्याने बीटलचे इंजिन आणि चाके घेऊन त्यांच्यावर फायबरग्लासचे एक हलके, गुबगुबीत, लहान मुलाच्या चित्रातल्यासारखे शरीर चढविले. पुढे त्याने बीटलचा तळच सुमारे ३७ सेंटिमीटरांनी कापून आखूड करावयाची रीत काढली, आणि वरचे शरीर घरी जोडण्यासाठी सुटे विकू लागला. १९६७ साली त्याने आणि त्याच्या सोबत्याने ला पाझपासून तिहुआनापर्यंतचे अंतर ३५ तासांच्या आत कापले. त्याआधीचा मोटारसायकलचा विक्रम जवळजवळ ४० तासांचा होता. त्याच वर्षी झालेली पहिली मोठी शर्यतही त्याच्याच घडणीच्या गाडीने जिंकली. लोक वेडे झाले, आणि नकलांचा पूर आला. नकला करणे अवघड नव्हते. एक सांगाडा विकत घ्यावा, त्याचा साचा काढावा, आणि दुकान उघडावे. मायर्सने पेटंटच्या बळावर न्यायालयात धाव घेतली, आणि तो हरला. त्याच्या कारखान्यातून काही हजार सांगाडे बाहेर पडले. नकलांची संख्या लाखाच्या पुढे गेली असे मानतात. थोड्याच वर्षांत त्याने स्वतःच्याच कंपनीतून अंग काढून घेतले. २०२१ साली तो वारला.

मायर्सवर अन्याय झाला असे माझे मन म्हणते. पण त्याच मनाला मी विचारतो, की टाट्राच्या कल्पना पोर्शेकडे, पोर्शेचा तळ मायर्सकडे, आणि मायर्सचा आकार नक्कल करणाऱ्यांकडे, अशी ही वस्तू हातोहात चालत आली असता, आपण नेमक्या मधल्याच पायरीवर उभे राहून ‘येथून पुढे चोरी’ अशी रेघ कशी मारावयाची? रेघ कोठेतरी मारावी लागते, नाहीतर कल्पक माणसाच्या घरची चूल पेटणार नाही, हे मान्य. परंतु ती रेघ व्यवहाराची आहे. ‘हे सर्वस्वी माझे’ असे निखालस सत्य तिच्या पलीकडे वसत नाही.

मालकी आणि कर्तेपण या दोन्ही अर्थांनी ‘माझे’ हा शब्द असा डळमळीत होतो. मग तो टाकूनच द्यावा काय? येथे मला आपल्या संतांच्या नाममुद्रेची आठवण होते. अभंगाच्या शेवटी तुकोबा आपले नाव घालतात ते मालकी सांगण्यासाठी नव्हे. शब्द सर्वांचे, छंद पूर्वीच्यांचा, विठ्ठल तर अवघ्यांचा. आपली वाणी आपली नव्हे, बोलविता धनी वेगळाच, असे तर तेच सांगत आले. असे असूनही ते नाव घालतात. मला वाटते, त्या नावाचा अर्थ एवढाच, की हे बोलले गेले आहे आणि त्याचा जाब विचारावयाचा असेल तर मी येथे उभा आहे. ती सही हक्काची नसून उत्तरदायित्वाची आहे. ‘माझे’ या शब्दाचा हा तिसरा अर्थ, आणि पहिले दोन निसटल्यावरही हा मात्र हातात राहतो.

या अर्थाचे प्रत्यंतर मला अगदी जवळ मिळाले. अमेरिकेत १९७६ पासून विद्यार्थ्यांच्या अशाच गाड्यांची एक स्पर्धा चालते आणि तिला त्या द्वीपकल्पावरूनच ‘बाहा’ हे नाव मिळाले आहे. २००७ पासून ती इंदूरजवळच्या पिथमपूर येथेही सुरू झाली, आणि महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले तिच्यासाठी रात्री जागवितात. पुण्यात अशा एका शेडमध्ये मी गेलो होतो. पिंजरा उभा होता, रंग अजून दिलेला नव्हता. एका नळीचे तोंड दुसरीवर चपखल बसावे म्हणून माशाच्या तोंडासारखे कोरून घेतात, आणि त्या सांध्याभोवती वेल्डिंग करतात. एक सडपातळ मुलगा मला हे समजावून सांगत होता. मी विचारले, “गाडी कोणी बांधली?” तो म्हणाला, “काका, गाडी आम्हां पंचवीस जणांची आहे.” मग मागच्या बाजूच्या काही सांध्यांवर बोट ठेवून म्हणाला, “पण हे सांधे माझे.”

त्याच्या बोलण्यात अभिमान नव्हता. थोडी धास्तीच होती. कारण वेल्डिंगची एक गोष्ट अशी, की वितळलेला धातू नळीच्या अंगात खोल उतरला आहे की नुसता वर बसला आहे, हे वरून नेहमीच ओळखता येत नाही. रंग दिल्यावर तर चांगला आणि वाईट सांधा जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक कळतो तो गाडी उलटते त्या क्षणी. म्हणून या स्पर्धेच्या अमेरिकेतील नियमपुस्तकांत असा एक नियम वाचावयास मिळतो, की वेल्डिंग करणाऱ्याने आधी नमुन्याचे सांधे करावयाचे. त्यांतला एक मोडून पाहावयाचा, दुसरा उभा चिरून आतला धातू किती उतरला ते दाखवावयाचे. आणि ज्या हातांनी नमुने केले त्याच हातांनी पिंजऱ्याचे सांधे करावयाचे. आराखडा कोणाचा, पोलाद कोणत्या कारखान्याचे, इंजिन कोणी दिले, याने येथे काही बिघडत नाही. सांधा कोणाच्या हातचा, एवढेच हा नियम विचारतो.

यावर कोणी म्हणेल, की ही सारी घरगुती कारागिरीची भाबडी स्तुती आहे. मोठ्या कारखान्यातील गाडी सुरक्षित असते ती कोणाच्या सदसद्विवेकामुळे नव्हे, तर चाचण्या, नोंदी आणि कायद्याचा धाक यांच्यामुळे. आक्षेप खरा आहे. प्रामाणिक माणसाचा कच्चा सांधाही तुटतोच. पोलादाला हेतू कळत नाही. म्हणूनच आपला कायदा सावध आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील ५२ व्या कलमाप्रमाणे, निर्मात्याने ठरवून दिलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला आपल्याच गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तीच भूमिका स्पष्ट केली. गाडी माझी, पैसे माझे. मग मी ती कापीन किंवा उंच करीन, असे म्हणणाऱ्याला कायदा सांगतो की रस्ता तुझा नाही. उत्तरदायित्व म्हणजे नुसती तळमळ नव्हे. आपल्याला किती येते याची परीक्षा देण्याची तयारी त्यात येते. तो नमुना चिरून पाहावयाचा असतो तो यासाठीच.

पण रस्ता सोडला म्हणजे हा प्रश्न सुटतो काय? ओसाड वाळवंटात मी माझा जीव धोक्यात घालतो, त्यात कोणाचे काय जाते, असा युक्तिवाद शर्यतीचे शौकीन करतात. १४ ऑगस्ट २०१० रोजी कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात रात्री शर्यत चालू असता एका गाडीने उंचवट्यावरून उडी घेतली, तिचा ताबा सुटला आणि ती गर्दीत शिरली. आठ प्रेक्षक मरण पावले. प्रेक्षक मार्गाच्या अगदी कडेला उभे होते. मधे अडसर नव्हता. दोष कोणाचा, यावर पुष्कळ चर्चा झाली: चालकाचा, आयोजकांचा, परवाना देणाऱ्या सरकारी खात्याचा, की स्वतःहून जवळ उभे राहिलेल्यांचा? प्रत्येकाकडे बोट दाखविता येत होते, आणि म्हणूनच कोणा एकावर ते टिकत नव्हते. मालकी वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडी येते. उत्तरदायित्व वाटले तर पुष्कळदा कोणाच्याच वाट्याला काही येत नाही. आणि वाळवंट तरी ओसाड कोठे आहे? दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४४ या काळात, तेथे रणगाड्यांचा सराव झाला. त्या पट्ट्यांच्या खुणा आजही जमिनीवर दिसतात. तेथील कासव १९९० पासून धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. ज्या जमिनीवर ऐंशी वर्षांपूर्वीची चाकोरी बुजत नाही, तेथे ‘मी एकदाच गेलो’ या म्हणण्याला अर्थ उरत नाही.

याचा निष्कर्ष, घरी गाड्या बांधू नयेत, असा कोणी काढू नये. मला तर उलटेच वाटते. आपण आज ज्या वस्तूंमध्ये राहतो त्या जवळजवळ सर्व अनामिकांच्या हातच्या आहेत. त्या बिघडल्या तर आपण तक्रार नोंदवितो, आणि पलीकडून एक क्रमांक मिळतो. अशा जगात, एखाद्या वस्तूवर बोट ठेवून ‘एवढा सांधा माझा’ असे म्हणणारा माणूस दुर्मीळ झाला आहे, आणि तो शेडमध्ये तयार होत असेल तर शेडला माझा नमस्कार. फक्त त्याने तो शब्द कोणत्या अर्थाने उच्चारला आहे, ते ओळखावे. ‘माझे’ म्हणून इतरांना दूर सारता येते, त्यात विशेष काही नाही. कुंपण घातले की झाले. तोच शब्द उच्चारून स्वतःला पुढे करणे कठीण, कारण मग रंगाखालचे जे कोणालाच दिसत नाही त्याचेही उत्तर आपल्याला द्यावे लागते. एवढी तयारी असेल तर पोलाद कोणाचे आणि आराखडा कोणाचा याची पंचाईत न करता मी त्या माणसाला खुशाल ‘माझे’ म्हणू देईन.