जुन्या संगणकाचे दान

कचेरीत नवा संगणक आला की जुना एखाद्या गरीब वस्तीतील शाळेस द्यावा, असा प्रघात अलीकडे पडत चालला आहे. हेतू चांगला खरा; परंतु यास दान म्हणावे की अडगळ काढणे, असा प्रश्न आम्हांस पडतो. दूध आटलेल्या गाई पिता दान देत असलेला पाहून कठोपनिषदातील नचिकेता अस्वस्थ झाला. त्याची शंका अद्याप शिळी झालेली नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. तेव्हापासून धडधाकट यंत्रेही अडगळीत जाऊ लागल्यास नवल नाही.

तथापि जुने म्हणजे टाकाऊ, असेही नव्हे. भिवंडीचेच पाहा. मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले कित्येक माग तेथील यंत्रमागवाल्यांनी दाम मोजून घेतले. ते दान नव्हते. धोटा बदलणारे, झिजलेला भाग बसविणारे हात गावात होते, म्हणूनच भंगाराचे भांडवल झाले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, पण भिवंडीचा खडखडाट चालूच राहिला.

आज त्याच मागकऱ्याच्या मुलास जुना संगणक द्यावयाचा, तर तो आधी नीट दुरुस्त करावा, त्यावर लिनक्ससारखी मुक्त प्रणाली घालावी आणि सोबत शिक्षकही द्यावा. त्या शिक्षकाने कळा दाबण्यापुरते न शिकविता पेटी उघडून बिघाड शोधण्यासही शिकवावे. ज्यास दुरुस्ती येत नाही, तो प्रत्येक बिघाडाबरोबर पुन्हा याचक होतो. ज्यास येते, तोच त्या यंत्राचा खरा धनी होय.