काच कोणी फोडली?

मे महिन्यात एका परिसंवादात माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या विद्वान मित्राने माईक हातात घेतला आणि मराठीतली क्रीडाभाषा हा वर्तमानपत्रांनी रचलेला बनाव आहे, असे जाहीर करून टाकले. ‘यष्टिरक्षक’ हा शब्द मैदानावर उच्चारलेला त्यांनी जन्मात ऐकला नव्हता. पायचीत, निर्धाव षटक, क्षेत्ररक्षण ही मंडळी छापील कागदावर जन्मली, तिथेच वाढली, आता तिथेच त्यांचे दिवसकार्य उरकून घ्यावे. खेळ इंग्रजांचा, शब्दही इंग्रजांचेच घ्या, देवनागरीत लिहा, काम संपले. टाळ्या पडल्या. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरल्यापासून तिला निकालात काढणाऱ्या भाषणांना टाळ्या जरा जास्तच पडतात, असे माझे निरीक्षण आहे. माझी पाळी आधीच होऊन गेली होती. म्हणून हे उत्तर इथे.

सोपा हिशेब आधी चुकता करते. सप्टेंबर २०२१ मध्ये मेरिलबोन क्रिकेट क्लबने नियमावलीतून ‘बॅट्समन’ला रजा दिली आणि ‘बॅटर’ला आणले, कारण बायकाही खेळतात हे तोवर सगळ्यांच्या ध्यानात आले होते. आपल्याला यातले काहीच करावे लागले नाही. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारताच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा सांगलीची स्मृती मानधना सलामीची फलंदाज होती. गावसकरही सलामीचे फलंदाजच होते. शब्दाचा कानाही हलला नाही.

दुसरा शब्द ‘कसोटी’. सोनार सोने घासून पाहतो तो काळा दगड. गंमत अशी की इंग्रजी ‘टेस्ट’चे मूळही सोन्याचांदीचा कस पाहण्याच्या मुशीतच आहे. भाषांतर करणाऱ्याला हे ठाऊक होते की नाही कोण जाणे. नसेल तर मी त्याला जास्त मानते.

पण लगेच पदरात माती पडते ती ‘षटका’ने. इंग्रजी ‘ओव्हर’मध्ये आकडा नाही, पंच टोक बदलायला सांगतो, एवढेच त्यात आहे. आपण मात्र सहा चेंडू शब्दातच खिळवून टाकले. ऑस्ट्रेलियात १९७८-७९ पर्यंत आठ चेंडू टाकत. बेदीचा संघ १९७७-७८ मध्ये तिकडे गेला तेव्हाचा धावफलक शुद्ध मराठीत वाचायचा तर ‘आठ चेंडूंचे षटक’ म्हणावे लागते, म्हणजे पाच जणांची चौकडी. हे मी मित्राला सांगणार नाही. त्याला सापडू दे.

आता ज्या शब्दावर मी खरी लढाई मांडली होती, तो ‘गोलंदाज’. पानिपतावर इब्राहिमखान गारदीच्या तोफांना बत्ती देत होते ते गोलंदाज. कंपनी सरकारच्या फौजेतल्या देशी तोफचींना इंग्रजही हेच म्हणत. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन कोशात तो शब्द नोंदलेला आहे. म्हणजे त्यांनी आपला गोलंदाज तोफेसाठी नेला आणि आपण तो त्यांच्याच चेंडूवर लावला. याहून गोड सूड कुठला? असे मी लिहून काढले, आणि मग माधव ज्यूलियन आडवे आले.

माधव ज्यूलियन म्हणजे माधवराव पटवर्धन. त्यांच्याविषयी मी थोडी पक्षपाती आहे. फर्ग्युसनमध्ये फार्सी शिकवणारा, मराठीत गझल रुजवणारा, १९२५ मध्ये फार्सी-मराठी कोश हातावेगळा करणारा हा माणूस. आपल्या रोजच्या बोलण्यात फार्सी किती मुरली आहे, हे त्यांच्याइतके जवळून पाहिलेला मराठी कवी दुसरा नसेल. आणि हाच गृहस्थ पुढे भाषाशुद्धीच्या बाजूने उभा राहिला, १९३८ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, आपल्याच जुन्या कवितांतले फार्सी शब्द निपटायला बसला. लोक याला घूमजाव म्हणतात. मला त्यात वेगळेच दिसते. घरात किती पाहुणे आहेत हे ज्याने मोजले, त्यालाच झोप लागेना. बाकीचे शुद्धीवाले न मोजताच ओरडत होते.

त्यांचा कोश शेजारी ठेवून ‘गोलंदाज’ फोडा. ‘अंदाज’ आला ‘अंदाख्तन’वरून, म्हणजे फेकणे. गोळा फेकतो तो गोलंदाज, तीर फेकतो तो तिरंदाज. इथवर ठीक. पण त्याच साच्यातून काढलेला ‘फलंदाज’? फळी फेकणारा! २०२५ च्या जुलैत एजबॅस्टनला फटका मारताना ऋषभ पंतच्या हातून बॅट सुटून भिरभिरत गेली, तेव्हा या शब्दाला जागलेला माणूस मी प्रथमच पाहिला. बाकी सगळे फलंदाज आजवर चुकीचे खेळत आले.

तर इंग्रजीविरुद्ध मराठीचा किल्ला लढवायला मी बुरुजावर उभा केलेला शिपाई फार्सी निघाला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो फार्सी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यानंतर साडेतीनशे वर्षांनी आम्ही गोलंदाजाच्या आडून स्वभाषेचे रक्षण करतो आहोत. माधवराव १९३९ मध्ये गेले. ‘फलंदाज’ त्यांनी कवितेतून काढला असता की कोशात घातला असता, हे त्यांना विचारायला मला आवडले असते.

म्हटले, अस्सल देशी काहीतरी शोधू. विटीदांडू. याहून देशी काय असणार? आणि मोजणी आठवली: वकट, लेंड, मूंड, नाल. लहानपणी हे मंत्रासारखे म्हणायचो. तेलुगूत एक, दोन, तीन, चार मोजून पाहा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आमच्या गल्लीतला सर्वांत मराठी खेळ तेलुगूत मोजत होता आणि त्याची कोणालाही लाज वाटत नव्हती.

इथे माझा लेख फिरला, हे कबूल करते. शब्द कुठून आला यावर भांडण मांडले तर मी हरते आणि मित्रही हरतो. त्याचा ‘जिमखाना’ तरी कुठला इंग्रजी? आपल्याकडच्या गेंदखान्याला इंग्रजांनी व्यायामशाळेचे शेपूट उलटे चिकटवले, त्याचा तो अवतार.

मग मैदानावर कोणी म्हणत नाही, हा त्याचा आक्षेप उरतो. तो खरा आहे. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात मी कच्चा लिंबू होते. फिल्डिंग करायची, बॅटिंग मिळायची नाही. मी ‘आऊट’ असेच ओरडायचे. ‘बाद!’ म्हणून ओरडून पाहा, घशातून नीट निघतही नाही. पण त्याच वाड्यात ओसरीवर ट्रान्झिस्टर असे आणि त्याला कान लावून आमचे थोरले काका बसत. मोतीबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली होती आणि क्रिकेटचे मैदान त्यांनी डोळे असतानाही पाहिले नव्हते. बाळ ज. पंडितांचा आवाज सुरू झाला की ते मला हाक मारत, “पाट आण गं.” मी पाटावर सुपारीची खांडे मांडायची: हा यष्टिरक्षक, हा पहिल्या स्लिपमध्ये, हा सीमारेषेवर. काका बोटांनी चाचपत आणि म्हणत, “मधे मोकळं दिसतंय. इथून जाईल बघ.” चेंडू पुष्कळदा तिथूनच जाई.

‘यष्टिरक्षक’ हा शब्द मैदानासाठी घडलाच नव्हता, तो काकांसाठी होता. जो तिथे नाही त्याला सांगण्यासाठी. ओरडायचे शब्द वेगळे, सांगायचे वेगळे. पंडित आकाशवाणीवर आणि वि. वि. करमरकर महाराष्ट्र टाइम्सच्या क्रीडापानावर सांगायचे शब्द घडवत आणि रुळवत होते. आता सगळ्यांना पडद्यावर सगळे दिसते, सहा कोनांतून, पुन्हा पुन्हा. ज्याला दिसते त्याला सांगायचे काय? मित्राने ज्याला बनाव म्हटले ते कामावरून कमी केलेले शब्द आहेत. त्यांना निवृत्तिवेतन द्या, तिरडी नको.

एका शब्दासाठी मात्र मला खरोखर चुटपूट लागते. कबड्डीत समोरचा संघ अख्खा बाद झाला की ‘लोण’ चढतो. लोण म्हणजे मीठ. आट्यापाट्यांत ते शेवटच्या पाटीपर्यंत नेऊन परत आणायचे. अमुक गोष्टीचे लोण खेड्यापाड्यांत पोचले, असे आपण अजून लिहितो ते तिथूनच. कबड्डीच्या इंग्रजी नियमपुस्तकाने हा शब्द ‘लोना’ म्हणून जसाच्या तसा उचलला. परक्या भाषेने सांभाळला. आणि २०१४ मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आपल्याच पडद्यावर ‘ऑल आऊट’ झळकले. इथे कोणी आक्रमण केले नव्हते. दार आतून उघडले.

तरीही नामांसाठी मी आता भांडणार नाही. राजकारणी रोज एकमेकांना गुगली टाकतात. शरद पवारांचे तर सासरेच, कसोटीपटू सदू शिंदे, गुगली टाकायचे, तेव्हा त्या घराण्यात शब्द रीतसर आला. ‘क्लीन बोल्ड’ झालेला उमेदवार ‘त्रिफळाचीत’पेक्षा लवकर समजतो, आणि ‘चीत’ तरी क्रिकेटचा कुठे? कुस्तीतून उसना आणला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या एका लढतीत पैलवान चीत झाला की नाही यावरून पंचाला लाथ बसली. ‘पायचीत’वरून अजून इतके कोणाला लागलेले नाही.

माझे भांडण क्रियापदांचे आहे. चेंडू तटवतात, टोलवतात, फटकावतात, नुसता ढकलतात, अंगावर आला की वळवतात. विटी कोलतात. यातले प्रत्येक मनगट वेगळे आहे. त्याजागी हल्ली ऐकू येते: डिफेंड केला, हिट केला, पुश केला, लीव्ह केला. बॉल येऊ दे की, बॅटही येऊ दे, पण हा ‘केला’ कुठून आला? झेल सुटतो आणि झेल सोडतात, यांत एका माणसाची अब्रू आहे. पहिल्यात नशीब, दुसऱ्यात गुन्हा. मित्र म्हणेल, ‘ड्रॉप झाली’ आणि ‘ड्रॉप केली’ असा भेद तिथेही होतो. होतो. पण मग सबंध मराठीत होणे आणि करणे ही दोनच क्रियापदे उरतील आणि बाकीचे जग त्या दोन खुंट्यांवर टांगावे लागेल.

दिवाळीच्या सुट्टीत मुले गल्लीत खेळतील. खिडकीत उभे राहून ती किती इंग्रजी शब्द बोलतात हे मोजू नका, क्रियापदे ऐका. आणि चेंडू तुमच्याच काचेवर आला, तर मुले म्हणतील, “काकू, काच फुटली.” तुम्ही विचाराल, “कोणी फोडली?” अजून तरी यातले कोणी ‘ब्रेक केली’ म्हणत नाही.