विचारायची पाळी

दिघीहून खाडीपलीकडे आगरदांड्याला जाणाऱ्या जंगलजेट्टीत, म्हणजे फेरीबोटीत, शेजारच्या लहान मुलाला बोलतं करायचे मोठ्यांचे प्रश्न ठरलेले असतात. नाव काय, कितवीत आहेस, समोरचा किल्ला कोणता? किल्ल्याचं उत्तर विचारणाऱ्याला ठाऊकच असतं आणि हे मुलालाही कळतं. ते ‘जंजिरा’ म्हणतं नि गप्प होतं. मूल बुजरं आहे, असा निकाल आपण देऊन टाकतो. पण बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी लंडनमधल्या चार वर्षांच्या मुलींचं बोलणं ध्वनिमुद्रित करून 1984 साली पुस्तक लिहिलं. घरी आईला तासाला सरासरी 26 प्रश्न विचारणाऱ्या याच मुली बालवाडीत जेमतेम दोन विचारत. तिथे विचारायचं काम बाईंचं होतं. मुलांना संभाषण शिकवायचं तर आधी प्रश्न विचारायची पाळी त्यांच्याकडे द्यावी, असं मला म्हणूनच वाटतं.

असा खेळ आपल्याकडे आहे: भोंडल्याची खिरापत ओळखणं. डबा झाकलेला, गोड की तिखट, ओलं की कोरडं, हे मुलांनी विचारायचं आणि घरच्या बाईने खरं तेच सांगायचं. ‘गोड’ असं उत्तर आल्यावर कोणी भेळ म्हटली की हशा पिकतो, कारण पुढचा प्रश्न मागच्या उत्तरावर बेतावा लागतो. ऐकण्याचा इतका चोख सराव पाठ्यपुस्तकातल्या ‘संवाद लिहा’मध्ये होत नाही. (तिथे दोन्ही पात्रं एकच मूल लिहितं!)

अशाने मुलं उलट बोलायला शिकतील, ही धास्ती मला पटत नाही. खेळात दुसऱ्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावंच लागतं. थांबायला मोठ्यांनीच शिकायला हवं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांबतात, त्यांचे स्वतःचे प्रश्नही वाढतात, हे संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं. घरात कोळी बोली किंवा कोकणी मुसलमानांची बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी, अशा मुलाला तर ते जास्तीचे दोन सेकंद शब्द जुळवायलाच लागतात.

दुसरा आक्षेप मात्र खरा आहे. डबा उघडला की विषय संपतो. ओळखणं म्हणजे गप्पा नव्हेत. म्हणून पुढे डब्याशिवायचे प्रश्न घ्यावेत: खाडीपलीकडे राहायला गेलो तर इथलं काय आठवेल? इथे मोठ्यांनाही पाळी चुकत नाही. ‘बाबा, तुम्हाला कशाची भीती वाटते?’ असं मूल विचारणारच. ‘मोठा झालास की कळेल’ म्हटलं की खेळ मोडला. ‘आत्ता सांगावंसं वाटत नाही’ हे उत्तर मात्र धरावं, आणि मुलाने दिलं तरीही धरावं.