कोरांटीला कोण विचारतं?

बागेतल्या झाडाचा मान त्याच्या फुलावर ठरतो असं आपण म्हणतो. मला वाटतं, तो त्याच्या नखऱ्यांवर ठरतो. भोसरी-निगडीकडच्या नर्सऱ्यांत गुलाब, जरबेरा, अडेनियम पुढच्या रांगेत मांडलेले असतात. कोरांटी मागच्या रांगेतही क्वचितच दिसते. तिला पैसे कोण देणार? ती कुंपणाला असतेच की!

काटेरी, पिवळ्या फुलांची कोरांटी इथल्या मातीतलीच. मुरूम चालतो, कातळाच्या फटीतही भागतं. उन्हाळ्यात सुकल्यासारखी दिसते आणि पाऊस पडला की पुन्हा फुटते. दसऱ्याच्या सुमारास कळ्या धरते आणि थंडीभर फुलत राहते. फुलाला वास नाही, पण कोकणात, मावळात बायका ते हौसेने केसांत माळत आल्या आहेत. आयुर्वेदात ही सहचर आणि दंतमंजनाच्या डबीवर वज्रदंती. लेमन पॅन्सीसारख्या फुलपाखरांच्या अळ्या तिच्या पानांवर वाढतात. एवढं सगळं असून सोसायटीच्या बागेत मात्र तिला जागा नाही.

आता शेजारीच बघा. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमधला गुलाब फेब्रुवारीत परदेशी जातो. त्याला पॉलिहाऊस, ठिबक, खतांचं वेळापत्रक, फवारणी, कापल्याबरोबर शीतगृह, सगळं लागतं. तो धंदा आहे आणि धंद्याला ते शोभतं. पण तोच थाट आपण बाल्कनीत मांडू पाहतो, तोही पिंपरी-चिंचवड शहरात, जिथे नोव्हेंबर 2019 पासून पवना नदीचं पाणी दिवसाआड येऊ लागलं. नळाकडे डोळे लावून हिरवळ जगवायची आणि बिनपाण्याचं झुडूप उपटून टाकायचं, यात हौस कमी आणि दिखावा जास्त.

या औद्योगिक पट्ट्यातल्या वाचकाला हे कारखान्याच्या भाषेत लगेच पटेल. सारखं बंद पडणारं मशीन सगळ्यांना पाठ असतं: त्याच्यापाशी फिटर उभा, त्याच्या नावाने रजिस्टर भरलेलं, मीटिंगमध्ये विषय त्याचाच. वर्षानुवर्षं बिनतक्रार चालणाऱ्या लेथचं नाव कुठल्याच कागदावर येत नाही. जे त्रास देतं त्याच्याकडेच लक्ष द्यायची सवय आपल्याला शिफ्टमध्ये लागते आणि ती आपण घरच्या कुंड्यांपर्यंत घेऊन येतो.

ही खोड फक्त आपलीच नाही. इंग्लंडात थंडी सोसणारं जिरेनियम मोकळी जमीन झाकायला लावायचं साधं रोप म्हणूनच ओळखलं जातं. (आपल्या नर्सरीत जिरेनियम म्हणून मिळतं ते बहुधा पेलार्गोनियम. ते वेगळं, आणि आपल्या पावसात कुजणारं.) चेल्सीच्या पुष्पप्रदर्शनाला 2013 मध्ये शंभर वर्षं झाली, तेव्हा शतकाचं झाड म्हणून मान मिळाला तो अशाच एका जिरेनियमला, ‘रोझॅन’ला. त्या लोकांना उशिरा का होईना, दिसलं.

कोरांटीचे दोष लपवायचे नाहीत. काटे बोचरे आहेत, त्यामुळे लहान मुलं खेळतात तिथे ती नको. छाटली नाही तर खालून उघडी पडते आणि वर नुसत्या काड्या राहतात. बोंडं तडकून बी आजूबाजूला उडतं. उत्तर ऑस्ट्रेलियात तर ती रान माजवणारं तण ठरली आहे, म्हणून परदेशातल्या नातेवाइकाला प्रेमाने बी पाठवू नये. काटे नकोत असतील तर जांभळी कोरांटी लावावी. ती तितकीच सोशिक आहे.

चाकणकडे नवे प्लॉट सपाट होताना आधी जेसीबीखाली जातं ते हेच बांधावरचं झुडूप. मग कंपाउंड उभं राहतं आणि आत लॉन अंथरतात, टँकरच्या पाण्यावर. कुंपणाच्या कडेला हातभर पट्टा तसाच सोडला तर कोणाचं काही अडणार नाही.

पावसाळा लागला की गावाकडच्या एखाद्या बांधावरून, मालकाला विचारून, हातभर फांदी आणा आणि मातीत खोचा. पहिल्या हंगामात जरा पाणी द्या, फुलं संपली की दर वर्षी निम्म्यावर छाटा. खत विकत आणू नका, तिला लागत नाही.