संत्र्याच्या नवतीवरचे अंडे आणि ‘तोच जीव’ हा प्रश्न

फुलपाखराचे अंडे, त्यातून निघणारी अळी, अळीचा कोष आणि कोषातून बाहेर येणारे फुलपाखरू हा एकच जीव आहे, की एकामागून एक आलेले चार वेगळे जीव? हा प्रश्न कीटकशास्त्राइतकाच धर्मविचाराचाही आहे. आत्मा, पुनर्जन्म, कर्मफळ आणि अहिंसा या साऱ्या कल्पना ‘तोच जीव’ या दोन शब्दांवर उभ्या आहेत. इतके बदलूनही जो तोच राहतो, तो कशाच्या आधारावर, हे या लहानशा प्राण्यात साधारण महिन्याभरात डोळ्यांसमोर पाहता येते. मध्य प्रदेशातील पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्याचा मुलूख त्यासाठी फार सोयीचा आहे.

सातपुड्याच्या दक्षिणेला, नागपूरच्या सीमेला लागून असलेला हा मराठीभाषक पट्टा १९५६च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेशात राहिला. ऑक्टोबर २०२३मध्ये छिंदवाड्यातून वेगळा पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा हे दोन्ही तालुके त्यात आले. आंबिया बहारासाठी संत्र्याला दिलेला पाण्याचा ताण जानेवारीच्या सुमारास तोडतात. पाणी मिळाले की फुलांबरोबर कोवळी, पोपटी नवतीही फुटते. वसंतातली ही नवती लिंबावरच्या फुलपाखराला अंडी घालायला हवी तशी असते. काळ्या पंखांवर फिकट पिवळे ठिपके, मागच्या पंखाच्या कोपऱ्याशी एक लाल डाग आणि शेपटी नाही, अशी त्याची ओळख आहे. संत्रा, लिंबू, मोसंबी, कढीपत्ता, बेल आणि कवठ ही एकाच कुळातली झाडे त्याच्या अळीचे अन्न होत.

अंडे घालणारी मादी नवतीभोवती घुटमळते, पानावर टेकते आणि पुढच्या पायांनी ते चाचपते. या पायांवर चव ओळखणारी इंद्रिये असतात. पान योग्य असल्याचे कळले की ती पोट वाकवून सुमारे एक मिलिमीटरचे, गोल, फिकट पिवळे अंडे पानाला चिकटवते आणि दुसऱ्या फांदीकडे वळते. एका ठिकाणी बहुधा एकच अंडे असते. ती स्वतः फुलांतला मध पिते. पान तिच्या खाण्याचे नाही. जे पान तिला खायचे नाही, ते ती पुढच्या पिढीच्या अळीसाठी अचूक निवडते.

तीन ते सहा दिवसांत अंडे काळपट होते आणि अळी बाहेर पडते. तिचा पहिला घास बहुधा स्वतःच्या अंड्याचे कवच हाच असतो. चार वेळा कात टाकेपर्यंत ती तपकिरी-काळी आणि मध्ये पांढरट, म्हणजे पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. पाचव्या अवस्थेत ती एकदम हिरवी होते. डिवचले तर डोक्यामागून नारिंगी, दुभंगलेले, उग्र वासाचे शिंग बाहेर काढते. पुढे फांदीला रेशमी धाग्याचा पट्टा बांधून ती कोषात जाते. कोषाचा रंग भोवतालानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत त्यातून फुलपाखरू निघते.

या साऱ्याची छायाचित्रे काढण्याची रीत साधी आहे, पण तिला शिस्त लागते. अंडे सापडलेल्या फांदीला पानापासून थोडे खाली सुती दोरा बांधायचा, पान तोडायचे नाही, आणि रोज ठरावीक वेळी, सकाळच्या तिरप्या उजेडात, मॅक्रो लेन्सने तेच पान टिपायचे. महिन्याअखेरीस चित्रांची एक मालिका हाती येते. मात्र त्या मालिकेत नुसत्या अवस्था असतात. पिवळा गोल, तपकिरी ठिपका, हिरवी अळी, कोष आणि पंख यांत आकाराचे किंवा रंगाचे काहीच साम्य नाही. ती चित्रे विस्कटून अनोळखी माणसाच्या हाती दिली, तर हे सारे एकाचेच आहे असे त्याच्या मनातही येणार नाही. तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने प्रश्न इथे सुरू होतो.

भारतीय दर्शनांनी या प्रश्नाचा कसून विचार केला आहे. न्याय आणि मीमांसा या दर्शनांचा भर प्रत्यभिज्ञेवर, म्हणजे पुन्हा ओळख पटण्यावर आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त नावाचा माणूस पुन्हा दिसला की ‘हा तोच’ असे ज्ञान होते, आणि वस्तू टिकून असल्याशिवाय ते होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद. बौद्धांचे उत्तर असे की सारे क्षणिक आहे; ज्योत क्षणोक्षणी नवी असते, पण सारखेपणामुळे एकच वाटते. मिलिंद राजाशी झालेल्या संवादात भिक्खू नागसेन सांगतो की पुढचा क्षण मागच्याहून अगदी तोही नाही आणि अगदी दुसराही नाही. आहे ती फक्त सलग संतती, म्हणजे प्रवाह. जैन दर्शन द्रव्य आणि पर्याय, म्हणजे त्याच्या अवस्था, असा भेद करते. पर्याय उपजतात आणि लोपतात, द्रव्य टिकते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य हे तिन्ही मिळून सत्तेचे लक्षण मानले आहे. सांख्यांच्या सत्कार्यवादात कार्य कारणातच आधीपासून अव्यक्त रूपाने असते.

फुलपाखरू या सगळ्या मतांची कसोटी पाहते. देवदत्ताच्या उदाहरणात चेहरा ओळखीचा असतो. अळी आणि फुलपाखरू यांत ओळखायला काही उरतच नाही. म्हणून केवळ प्रत्यभिज्ञा इथे अपुरी पडते. बौद्धांनी दिलेले सारखेपणाचे कारणही इथे लागू होत नाही, कारण भ्रम व्हावा इतकेही साम्य नाही. उरते ती खंड न पडलेली कार्यकारणाची साखळी. सांख्यांच्या मताला शरीररचनेत एक आधार सापडतो. फुलपाखराचे पंख ज्यांपासून बनतात ते पेशींचे लहान पुंजके अळीच्याच शरीरात असतात. कोषात अळीचे अनेक अवयव मोडतात, काही नव्याने घडतात, पण सारे मोडून पुन्हा शून्यातून सुरुवात होत नाही. २००८मध्ये अमेरिकेत तंबाखूवरच्या एका पतंगावर झालेल्या प्रयोगात अळ्यांना एका वासाबरोबर सौम्य विजेचा धक्का देऊन तो वास टाळायला शिकवले गेले. शेवटच्या अवस्थेत शिकलेल्या अळ्या पतंग झाल्यावरही तो वास टाळत होत्या. त्याआधीच्या अवस्थेत शिकलेल्यांत ते दिसले नाही. म्हणजे कोषातून काही शिकवण पार जाते, सगळी जात नाही. द्रव्य टिकते आणि पर्याय बदलतात, ही जैन मांडणी या वस्तुस्थितीच्या सर्वांत जवळ जाते.

याच्या उलट उदाहरण त्याच बागेत मिळते. ट्रायकोग्रामा नावाचा अतिसूक्ष्म परोपजीवी कीटक फुलपाखरांच्या अंड्यात आपले अंडे घालतो. बाहेरून अंडे तेच, पान तेच, जागाही तीच राहते; पण अंडे काळे पडते आणि त्यातून अळीऐवजी तो इवला कीटक बाहेर येतो. छायाचित्रांच्या मालिकेत कवचाचे सातत्य अखंड दिसते आणि जीव मात्र दुसराच असतो. त्यामुळे ‘तोच जीव’ हे ठरवताना रूप पुरेसे नाही आणि ज्यात तो राहतो ते पात्रही पुरेसे नाही, हे सिद्ध होते.

संतवाङ्मयातला कीटक आणि भृंगी यांचा दृष्टांत इथे नीट समजून घ्यायला हवा. भृंगी म्हणजे कुंभारीण माशी; ती मातीच्या घरट्यात अळी कोंडते. भयाने तिचेच ध्यान करता करता अळी कुंभारीण होते, असा हा दृष्टांत आहे. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताच्या चोवीस गुरूंच्या वर्णनात हा दृष्टांत आहे, आणि त्या स्कंधावरची टीका संत एकनाथांनी १५७३मध्ये काशीत पूर्ण केली. निरीक्षण सांगते ते वेगळे आहे. कुंभारीण अळीला डंख मारून निश्चेष्ट करते, घरट्यात स्वतःचे अंडे ठेवते, आणि त्या अंड्यातला जीव अळीला खाऊन मोठा होतो. आत गेलेली अळी आणि बाहेर आलेली कुंभारीण हे दोन जीव आहेत. ही बाब कळल्याने दृष्टांताचा उपदेश बाद होत नाही, कारण तो उपदेश अखंड ध्यानाने ध्याता ध्येयरूप होण्याविषयी आहे. तरी रूपांतराचा खरा दाखला हवा असेल, तर तो संत्र्याच्या पानावरचा आहे.

कोष म्हणजे मृत्यू आणि फुलपाखरू म्हणजे मोक्ष, ही उपमाही तपासून घ्यावी लागते. कोषातला जीव श्वास घेतो, स्पर्श झाला तर हलतो. आणि बाहेर आलेले फुलपाखरू चक्रातून सुटलेले नसते. काही दिवसांतच मादी पुन्हा त्याच जातीच्या पानावर अंडे ठेवते. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात जुने वस्त्र टाकून नवे घेण्याचा दृष्टांत देहांतराचा आहे, म्हणून कोषाला तो लागत नाही. त्याच अध्यायात एकाच देहात येणाऱ्या बाल्य, तारुण्य आणि जरा या अवस्थांचा विचार आहे, तो इथे अधिक जुळतो.

या विवेचनाचा शेवट आचरणात होतो. बागाईतदाराला फुलपाखरू आवडते आणि अळी नकोशी असते, आणि त्यामागे खरे कारण आहे. रोपवाटिकेतले किंवा नुकते लावलेले रोप या अळ्या पार उघडे करतात. मोठे झाड मात्र थोड्या अळ्या सहज सोसते. बेलाचे छिद्र पडलेले पान पूजेला घेत नाहीत, आणि ते छिद्र पुष्कळदा अशाच एखाद्या अळीचे असते. पण जीव एकच असेल, तर फुलपाखराविषयी वाटणारी करुणा अळीला नाकारता येत नाही. कर्मविचारही हेच सांगतो: अवस्था बदलली म्हणून जबाबदारी तुटत नाही, एरवी केलेल्याचे फळ नाहीसे होईल आणि न केलेल्याचे भोगावे लागेल. म्हणून रोपांवरच्या अळ्या हाताने वेचून परसातल्या कढीपत्त्यावर किंवा रानातल्या बेलावर सोडाव्यात, मोठ्या झाडांवरच्या राहू द्याव्यात, आणि फवारणी नुकसान खरोखर वाढेल तेव्हापुरती ठेवावी. छायाचित्र काढणाऱ्यालाही हाच नियम आहे. चांगल्या चित्रासाठी पान तोडणे, कोष सोडवणे किंवा ओल्या पंखांच्या फुलपाखराला हात लावणे म्हणजे ज्या जीवाचे सातत्य पाहायचे त्याचेच सातत्य मोडणे. फुलपाखराचा आदर अंड्यापासून सुरू होतो. मधल्या अवस्था वगळून केलेला आदर केवळ पंखांच्या रंगाचा असतो, जीवाचा नाही.